घटक नकाशा मुलांच्या वहीत जाऊ द्या : शिक्षक-प्रशिक्षण आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शिक्षक-प्रशिक्षणाची आखणी करणारे अधिकारी, शाळाप्रमुख आणि पर्यवेक्षक,

सप्रेम नमस्कार.

घटक नकाशा आता अनेक प्रशिक्षणांत पोचला आहे. एका पानावर मध्यभागी घटकाचं नाव, भोवती पाच-सहा उपघटक, त्यांना जोडणाऱ्या रेषा, खाली प्रश्न, बाजूला वेळापत्रक. सत्रात शिक्षक गटागटाने बसतात, रंगीत पेनं हातात घेतात, तासाभरात देखणे नकाशे तयार होतात आणि त्यांचे फोटो निघतात. मग शाळांकडून प्रत्येक विषयाच्या प्रत्येक घटकाचा नकाशा मागवला जातो, आणि गंमत म्हणजे तो वेळेवर येतोही. इथे काम संपलं असं धरलं जातं. माझ्या मते ते इथे सुरूसुद्धा झालेलं नसतं. हा नकाशा शिक्षकाने घटक चालू असताना, वर्गात, मुलांबरोबर वापरायचा आहे. तसा तो वापरायला शिकायचं तर शिक्षकाला सत्र पुरत नाही, शेजारी बसणारं माणूस, म्हणजे मार्गदर्शक, लागतं. मी ते शेजारी बसण्याचं काम करते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

या साधनाचा थोडा इतिहास आधी सांगते, पुढचं बोलणं त्याने सोपं होईल. नवं शिकण्याआधी ते कुठे बसवायचं याचा सांगाडा मुलाच्या हाती असेल तर शिकलेलं टिकतं, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६० मध्ये मांडलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची समज कशी बदलत जाते हे टिपण्यासाठी संकल्पना-नकाशे काढायला सुरुवात केली. दोन संकल्पनांना जोडणाऱ्या रेषेवर शब्द लिहिणं हा त्यांचा आग्रह. कॅन्सस विद्यापीठाच्या अध्ययन-संशोधन केंद्रात शिकण्यात अडचणी असलेल्या किशोरवयीन मुलांवर १९७८ पासून काम चालू होतं. तिथे कीथ लेन्झ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये संपूर्ण घटक एका पानावर मांडणारं संयोजन-पत्रक आणलं. चालू घटक, आधीचा घटक, पुढचा घटक, या सगळ्यांना कवेत घेणारं मोठं सूत्र, घटकाचा नकाशा, त्यातल्या विचारांची नाती, मुलाने स्वतःला विचारायचे प्रश्न आणि कामाचं वेळापत्रक, असं सगळं त्यात आहे. तुमच्या सत्रांतल्या नमुन्यांत यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.

पण पत्रक आणून ती मंडळी थांबली नाहीत. त्यांनी त्याला एक रीत जोडली. आधी मुलांना हे काय आहे आणि आपण ते कशासाठी करतो आहोत हे सांगायचं. मग मुलांना सोबत घेऊन पान भरायचं. मग काय समजलं ते त्याच पानावरून पडताळायचं. ही रीत नियमाने पाळणाऱ्या शिक्षकांची मुलं घटक-चाचणीत पुढे होती आणि मनात आलं तेव्हा पाळणाऱ्यांची मागे, असं त्यांना दिसलं. पान दोघांकडेही तेच होतं. आपण मात्र पान उचललं आणि रीत तिथेच ठेवून आलो.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण सविस्तर घेते. इतिहासातला औद्योगिक क्रांतीचा घटक. सत्रात तयार होणारा नकाशा बहुधा असा असतो : मध्ये ‘औद्योगिक क्रांती’, भोवती ‘कारणे’, ‘शोध’, ‘परिणाम’, ‘महत्त्व’. गोलांत पाठ्यपुस्तकातली उपशीर्षकं उतरवलेली. रेषा आहेत, रेषांवर अक्षर नाही. मधलं नाव पुसून तिथे फ्रेंच राज्यक्रांती लिहिली तरी या नकाशाचं काही बिघडत नाही. मुलाला यातून एवढंच कळतं की धडा चार भागांचा आहे, आणि ते त्याला अनुक्रमणिकेतूनही कळलं असतं.

शिक्षकाशेजारी बसल्यावर मी सुरुवातीला नकाशाचा विषयच काढत नाही. विचारते, “हा घटक संपल्यावर मुलाने कोणता प्रश्न एकट्याने सोडवायला घ्यावा असं तुम्हाला वाटतं?” शेवट आधी ठरवायचा आणि तिथून मागे येत आखणी करायची, ही पद्धत ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ मध्ये नीट बांधून दिली. तिचे तक्ते लांबलचक आहेत, पण घटक नकाशासाठी हा एक प्रश्न पुरेसा आहे. एक सर थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मॅडम, शोधांची यादी पोरांना पाठ असते. पण गिरण्या नदीकाठ सोडून शहरात का आल्या, असं विचारलं की सगळे खाली बघतात.” घटकाचा कणा सापडला होता.

रिचर्ड आर्कराइटची इंग्लंडमधल्या क्रॉमफर्डची सूतगिरणी १७७१ ची. ती पाण्याच्या जोरावर चालायची, त्यामुळे जिथे वाहतं पाणी तिथेच गिरणी. जेम्स वॉटने १७६९ मध्ये वेगळ्या कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या स्वतंत्र भागाचं, पेटंट घेतलं. त्याने वाफेच्या इंजिनाचा कोळशाचा खर्च बराच खाली आला. पुढे १७८० च्या दशकात इंजिनाने चाक फिरवण्याची सोय झाली, आणि मग जिथे कोळसा पोचेल तिथे गिरणी उभी करता येऊ लागली. गिरणी शहरात आली. तिच्यामागून माणसं आली, घरं पुरेनात, लहान मुलं यंत्रांवर राबू लागली. १८३३ मध्ये ब्रिटनच्या संसदेने कारखाना कायदा करून बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली. सर हे सगळं सलग, एकही कागद न बघता सांगत होते. त्यांना घटक उत्तम माहीत होता. तो ‘कारणे-परिणाम’ या साच्यात कोंबताना सगळी गोष्ट बाहेर सांडली होती, इतकंच.

नकाशा पुन्हा काढला तेव्हा घटकाच्या नावाखाली एक वाक्य आलं : ‘कामाची ताकद बदलली की कामाची जागा बदलते आणि जागा बदलली की माणसांचं जगणं बदलतं.’ भोवती ‘पाणी आणि वाफ’, ‘गिरणी’, ‘शहर’, ‘मजूर’, ‘कायदा’. रेषांवर क्रियापदं आली : वाफेने गिरणीला ‘मोकळं केलं’, गिरणीने माणसांना ‘ओढलं’, शहराने मजुरांना ‘गिळलं’, मजुरांच्या हालांनी कायद्याला ‘भाग पाडलं’. ‘गिळलं’ हा शब्द सरांचा. परीक्षेच्या उत्तरात तो कोणी लिहिणार नाही, पण मुलं तो विसरणारही नाहीत, म्हणून राहू दिला. खाली प्रश्न आले : वाफेचं इंजिन नसतं तर मँचेस्टर एवढं वाढलं असतं का? मुलांच्या कामावर बंधन यायला १८३३ का उजाडावं लागलं? आणि तिसरा प्रश्न, गिरणीला लागणारा कापूस कुठून येत होता? पुढचा घटक वसाहतींचा होता. बाजूच्या ‘पुढचा घटक’ या चौकटीत आधी फक्त नाव होतं, आता तिथे जाणारी वाट दिसू लागली.

यात साधनाचा वाटा थोडा आणि इतिहासाचा मोठा आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गणितात अपूर्णांकाच्या घटकाला बसलो असतो तर वेगळंच बोलणं झालं असतं. तिथे नाती कार्यकारणाची नसतात, ‘हेच वेगळ्या रूपात’ अशी असतात : अर्धा, दोन चतुर्थांश, ०.५, पन्नास टक्के. कवितांच्या घटकाला तर कित्येकदा नकाशा लागतच नाही, आणि तिथे तो मागू नये. प्रत्येक घटकाची नाती निराळी असल्यामुळे एकच साचा सगळ्यांना वाटून भागत नाही. मार्गदर्शकाला प्रत्येक विषय यावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. शिक्षकाला त्याच्या विषयावर बोलतं करणं मात्र यायला हवं, आणि भरलेल्या सभागृहात ते जमत नाही.

एवढं होऊनही हा नकाशा शिक्षकाचाच असतो. खरी परीक्षा इथून पुढे आहे. चांगला नकाशा हाती आला की पहिला मोह होतो तो त्याच्या प्रती काढून वाटण्याचा. मुलं तो वहीत चिकटवतात आणि पान उलटतात. तयार नकाशा वाटणं म्हणजे दुसऱ्याने सोडवलेलं शब्दकोडं हातात देणं. सगळे शब्द बरोबर असतात आणि करायला काही उरलेलं नसतं. तरी तयार नकाशा अगदीच वाया जातो असं मी म्हणणार नाही. नोआ श्रोडर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये संकल्पना-नकाशांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात तयार नकाशा अभ्यासणाऱ्यांचा सरासरी फायदा प्रमाणित एककात (म्हणजे गुणांच्या सर्वसाधारण फैलावाच्या, प्रमाण विचलनाच्या मापात) ०.४३ आणि नकाशा स्वतः तयार करणाऱ्यांचा ०.७२ आला. दोन्ही आकडे चांगले आहेत, पण त्यांच्यातलं अंतर दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

मात्र मुलांना कोरा कागद देऊन ‘काढा नकाशा’ म्हणणं हाही उपाय नव्हे. घटक अजून शिकवलेलाच नाही, तर मूल काय काढणार? मधली वाट अशी की शिक्षकाने आपला पूर्ण नकाशा मनात किंवा टाचणात ठेवायचा आणि मुलांपुढे फक्त सांगाडा मांडायचा. मधलं वाक्य मिळून बनवायचं. गोलांची नावं द्यायची, रेषा रिकाम्या ठेवायच्या. मग विचारायचं, “गिरणी आणि शहर, यांच्यात काय नातं असेल?” आणि थांबायचं.

हे थांबणं फार अवघड आहे. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं : प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. नकाशाच्या तासाला तीन सेकंदसुद्धा कमी पडतात, कारण मुलाला नातं शोधायचं असतं, आठवायचं नसतं. सत्रात हे ऐकताना सगळे माना डोलावतात. वर्गात पहिल्या शांततेला घाबरून शिक्षक स्वतःच रेषेवर शब्द लिहून टाकतात. मागच्या बाकावर कोणी बसलेलं असेल तरच हे दिसतं.

म्हणून मी ज्या क्रमाने काम करते तो सांगते. आखणी झाल्यावर नकाशा उघडण्याचा पहिला भाग, साधारण पंधरा-वीस मिनिटं, शिक्षकाला हवं असेल तर मी त्याच्या वर्गात घेऊन दाखवते. त्या वेळी शिक्षक मागे बसून एकच गोष्ट टिपतात, बहुतेकदा मुलं काय म्हणाली एवढंच. दुसऱ्या तुकडीत ते स्वतः घेतात आणि मी मागे बसते. काय पाहायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि ठरलेलं नाही ते दिसलं तरी मी बोलत नाही. (हे मला फार जड जातं. वर्गात कधीकधी बोलण्यासारखं बरंच दिसतं.) मग घटकाच्या मध्यावर एकदा आणि चाचणीच्या आधी एकदा. मध्यावर नकाशा पुन्हा काढून ‘आज आपण इथे आहोत’ म्हणून बोट ठेवायचं, मुलांना एखादी रेषा बदलावीशी वाटते का विचारायचं. चाचणीआधी नकाशा झाकून आठवणीने पुन्हा काढायला लावायचा. या चार भेटींतली पहिली सगळ्यांना आवडते. मधली भेट मात्र गळते, कारण तोवर धडा मागे पडलेला असतो आणि नकाशा विसरलेला असतो. नियमितपणा जातो तो इथेच. मला तुमच्याकडून सगळ्यात जास्त मदत लागते तीही या मधल्या भेटीसाठी.

वर्गात मी काय मोजते, असं विचाराल तर एक साधी खूण सांगते. तासाच्या शेवटी काही मुलांची पानं पाहायची आणि त्यांच्या नकाशात फळ्यावर नसलेला एखादा शब्द आहे का ते शोधायचं. एखाद्याने ‘ओढलं’ खोडून ‘फसवलं’ लिहिलेलं असतं. एखादीने गिरणीपासून मजुरांकडे आपली वेगळी रेषा काढून तिच्यावर ‘बोटं तुटली’ लिहिलेलं असतं. फळ्याबाहेरचा शब्द पानावर आला की विचार मुलाच्या हातात गेला, असं मी धरते. सगळ्या पानांवर फळाच उतरलेला असेल तर नकाशा कितीही सुबक दिसो, तो अजून शिक्षकाचा आहे. तुमच्या तपासणीत सुबकपणाला गुण मिळतात आणि खाडाखोडीला ते कापले जातात. प्रत्यक्षात खाडाखोड असलेलं पान जास्त मोलाचं असतं.

आता संगणकाबद्दल थोडक्यात. नकाशे काढून देणारी ॲप आली आहेत, आणि धड्याचं नाव टाकलं की क्षणात नकाशा तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. शिक्षकाने घरी कच्चा खर्डा म्हणून ती जरूर वापरावी, माझी हरकत नाही. पण गिरण्या शहरात का आल्या याची ठिणगी ज्या बोलण्यातून पडली ते बोलणं ॲप करत नाही. वर्गात तर कागद आणि पेन्सिल अजूनही सरस आहे, कारण ते प्रत्येक मुलाच्या हातात असतं आणि खोडता येतं.

दृश्य साधन म्हटल्यावर ज्याला दिसत नाही किंवा कमी दिसतं त्या मुलाचा विचार आपल्या नमुन्यांत कुठेच नसतो, हेही नोंदवते. अशा मुलासाठी तीच नाती वाक्यांत लिहून किंवा बोलून द्यावी लागतात : ‘वाफेने गिरणीला मोकळं केलं. गिरणीने माणसांना ओढलं.’ अशी पाच-सहा वाक्यं झाली की नकाशा ऐकता येतो. रेषांवर क्रियापदं असतील तर हे काम दोन मिनिटांचं आहे, नसतील तर वाचून दाखवायला काही नसतंच. नकाशा तपासायची ही मला सापडलेली सगळ्यात कडक कसोटी आहे, डोळे असलेल्यांच्या नकाशालासुद्धा.

शेजारी बसून शिकवण्याबद्दल माझा आग्रह व्यवसायापुरता नाही, त्याला संशोधनाचा आधार आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यास चाळून सांगितलं होतं की तत्त्व सांगणं, करून दाखवणं आणि सत्रातल्या सत्रात सराव करून घेणं यांनी कौशल्य येतं; पण ते वर्गात उतरायला नंतरची सोबत लागते. मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर आणि डिलन होगन यांनी २०१८ मध्ये अशा सोबतीच्या ६० अभ्यासांचा एकत्रित हिशोब मांडला. शिकवण्याच्या दर्जात सरासरी ०.४९ आणि मुलांच्या संपादणुकीत ०.१८ प्रमाणित एककांची वाढ आली. शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात असे आकडे सहज मिळत नाहीत. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुम्ही आखणी करणाऱ्यांनी जास्त लक्ष देऊन वाचावी : शंभराहून अधिक शिक्षकांच्या मोठ्या कार्यक्रमांत हा परिणाम लहान कार्यक्रमांच्या मानाने बराच खाली येतो. भेटींचे तास वाढवल्याने परिणाम वाढतो असाही पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यामुळे जास्त तास किंवा जास्त शिक्षक यांपेक्षा मार्गदर्शक कसा आहे आणि त्याच्याकडे किती जण सोपवले आहेत, हे आधी पाहावं लागेल.

आणि तुम्हाला न आवडणारा मुद्दा. मार्गदर्शकाकडे शिक्षकाच्या मूल्यमापनाचं काम देऊ नका. दोन्ही कामं एकाच माणसाकडे दिली की पैसे वाचतात, हे मला कळतं. पण ज्याच्या अहवालावर आपलं काही अवलंबून आहे, त्याच्यासमोर कोणता शिक्षक रिकामी रेषा ठेवून शांत थांबेल? तो ठरलेला धडा, ठरलेल्या मुलांकडून, ठरलेल्या उत्तरांसह घेऊन दाखवेल. जॉइस आणि शॉवर्स यांनी तर १९९६ मध्ये आणखी पुढे जाऊन लिहिलं की शिक्षकांनी एकमेकांचे तास पाहण्याच्या त्यांच्या उपक्रमात तोंडी अभिप्राय देणंच त्यांनी वगळलं, कारण अभिप्राय द्यायला लागताच सहकारी पर्यवेक्षकासारखे बोलू लागत. त्यांनी नावंही उलटी ठेवली : जो शिकवतो आहे तो मार्गदर्शक, आणि जो पाहतो आहे तो शिकणारा. मी इतकी टोकाला जात नाही, अभिप्राय देते. पण तो फक्त शिक्षकाला, ठरलेल्या गोष्टीपुरता, आणि त्याची लेखी नोंद कुठेही जात नाही. कॅन्ससच्याच केंद्रात काम केलेल्या जिम नाइट यांनी २००७ मध्ये मार्गदर्शन ही बरोबरीची भागीदारी म्हणून मांडली. तिच्या तत्त्वांत समानतेच्या लगोलग निवड येते, म्हणजे काय आणि कसं शिकायचं हे शिक्षकाने ठरवणं. तुमच्या परिपत्रकात ‘सर्व शिक्षकांनी’ या शब्दांनी सुरुवात होते तिथेच ती निवड संपलेली असते.

“अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?” हा प्रश्न शिक्षक मला विचारतात, आणि तो आळशीपणाचा नाही. नकाशा उघडायला पाऊण तास गेला तर तो कुठूनतरी वजा होणारच. माझं उत्तर असं की प्रत्येक घटकाला नकाशा करू नका. वर्षातून दोन-तीन मोठे, गुंतागुंतीचे, मुलं हमखास जिथे अडकतात असे घटक निवडा. त्यांना नकाशा पुरता वापरा, चारही टप्प्यांत. उरलेल्या घटकांना नेहमीचं टाचण पुरेसं आहे. नकाशा पुरता वापरलेल्या घटकात शेवटच्या उजळणीचा वेळ बराच वाचतो, कारण उजळणी आधीच होत आलेली असते. पण हे उत्तर मी तेव्हाच देऊ शकते जेव्हा वरून ‘सर्व घटकांचे नकाशे सादर करा’ असा आदेश नसतो. तो असला की शिक्षक एका रात्रीत सगळे नकाशे उतरवून काढतात. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

तेव्हा पुढच्या वर्षाची आखणी करताना एवढं बघा. सत्र ठेवायचं तर ठेवा, पण ओळख करून देण्यापुरतं, आणि त्यात शिक्षकांनी आपल्याच विषयाचा, लगेच पुढे शिकवायचा असलेला घटक घेऊन यावं. ज्यांना हे करून पाहायचं आहे अशांनी नाव द्यावं, बाकीच्यांना मोकळं सोडावं. एका मार्गदर्शकाकडे एवढेच शिक्षक द्या की त्याला प्रत्येकाच्या एका घटकात चार वेळा जाता येईल. त्यातली मधली भेट वेळापत्रकात आधीच लिहून टाका, नाहीतर ती होत नाही. शिक्षकाला मार्गदर्शकाबरोबर बसायला शाळेच्या वेळेतच मोकळी तासिका द्या. शाळा सुटल्यावर थकलेल्या माणसाकडून औद्योगिक क्रांतीचा कणा सापडत नाही. शाळाप्रमुखांनी एखाद्या घटकात मागे बसून मुलांची पानं जरूर पाहावीत, पण हातात गुणांचा तक्ता नसावा.

तपासणीच्या नमुन्यात ‘घटक नकाशा तयार आहे का : होय / नाही’ असा जो रकाना असतो, तो यंदापासून काढून टाका. त्याच्या जागी दुसरा रकाना घालू नका, अगदी मी वर सांगितलेल्या फळ्याबाहेरच्या शब्दाचासुद्धा. तोही रकाना झाला की मुलांना असे शब्द लिहून दिले जातील.

आपली,
शिक्षकांबरोबर वर्गात काम करणारी एक मार्गदर्शक